यकृताचे पोषणमूल्य : एक तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

अन्नपदार्थांचे पोषणमूल्य ठरविताना त्यांतील घटकद्रव्यांचे शंभर ग्रॅममागे असलेले प्रमाण पाहावयाचे आणि ज्याचे आकडे मोठे तो पदार्थ श्रेष्ठ मानावयाचा, अशी सर्वसाधारण रीत आहे. या रीतीने विचार केल्यास यकृत, म्हणजे बाजारातील भाषेत कलेजी, हा पदार्थ बहुतेक सर्व अन्नांच्या पुढे जाऊन बसतो. परंतु पोषण हा अन्न आणि ते ग्रहण करणारा देह या दोघांमधील व्यवहार आहे, आणि कोष्टकात त्यांपैकी एकाच पक्षाची नोंद असते. दुसरा पक्ष लक्षात घेतला म्हणजे त्याच आकड्यांचा अर्थ कसा पालटतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के, आणि महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे आढळले. मांसाहारी कुटुंबांतून अशक्त स्त्रीला, विशेषतः गर्भिणीला व बाळंतिणीला, ‘रक्त वाढते’ म्हणून कलेजी खाऊ घालण्याची चाल आहे. या सल्ल्यात तथ्य किती आणि धोका कोणता, हे अभ्यासकाला निश्चितपणे सांगता आले पाहिजे. योगायोग असा की, या प्रश्नावर प्रकाश टाकणारे एक महत्त्वाचे संशोधन मुंबईतच झाले आहे. त्याचा परामर्श पुढे घेतला आहे.

२. कोष्टकाची साक्ष

पुढील कोष्टकात काही परिचित पदार्थांच्या, शिजविण्यापूर्वीच्या प्रत्येकी १०० ग्रॅम भागातील घटकांचे प्रमाण दिले आहे. आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक-कोष्टकांच्या आधारे पूर्णांकित केलेले आहेत. प्राण्याची जात, वय व चारा यांनुसार, विशेषतः अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत, त्यांत पुष्कळ फरक पडतो. म्हणून त्यांच्याकडे स्थूलमान म्हणूनच पाहावे.

| पदार्थ | प्रथिने (ग्रॅम) | लोह (मिलिग्रॅम) | अ जीवनसत्त्व (मायक्रोग्रॅम, रेटिनॉल तुल्यांक) | फॉलेट (मायक्रोग्रॅम) | ब१२ जीवनसत्त्व (मायक्रोग्रॅम) |
|---|---|---|---|---|---|
| मेंढीचे यकृत | २० | ७.४ | ७,४०० | २३० | ९० |
| कोंबडीचे यकृत | १७ | ९.० | ३,३०० | ५९० | १७ |
| मेंढीचे मांस (चरबीविरहित) | २० | १.८ | ० | २३ | २.६ |
| कोंबडीचे अंडे | १३ | १.८ | १६० | ४७ | ०.९ |
| गाईचे दूध | ३ | नगण्य | ४५ | ५ | ०.४५ |
| पालक | ३ | २.७ | ४७० | १९० | ० |
| हरभरा (कोरडा) | २० | ४.३ | ३ | ५६० | ० |

या कोष्टकावरून पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की, प्रथिनांच्या बाबतीत यकृताचे वैशिष्ट्य असे काहीच नाही. तेवढी प्रथिने साध्या मांसातही आहेत. कोरड्या हरभऱ्याचा आकडाही तितकाच आहे. मात्र भिजवून शिजविल्यावर हरभऱ्याचे वजन दुपटीहून अधिक होते, हे विसरता कामा नये. कॅल्शियमच्या दृष्टीने तर यकृत अगदी दरिद्री आहे. मेंढीच्या १०० ग्रॅम यकृतात ते अवघे ७ मिलिग्रॅम असते. उलट भारतीय अन्नघटक-कोष्टकांनुसार (२०१७) नाचणीत ते ३६४ मिलिग्रॅम आहे. तंतुमय द्रव्य यकृतात मुळीच नसते. यकृताचे वेगळेपण आहे ते अ जीवनसत्त्व, ब१२ जीवनसत्त्व, रिबोफ्लेविन, तांबे आणि काही अंशी लोह व फॉलेट यांत.

हीच द्रव्ये का, असा प्रश्न येथे उद्भवतो. स्नायू हा शरीरातील काम करणारा अवयव आहे, तर यकृत हे एकाच वेळी कारखाना आणि कोठार आहे. आतड्यातून शोषले गेलेले अन्नरस प्रथम यकृताकडे जातात. देहाला लगेच न लागणारे रेटिनॉल तेथे स्निग्धाम्लांशी संयुक्त होऊन साठते, लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनात बंदिस्त होते, आणि ब१२ जीवनसत्त्वाचाही मोठा साठा तेथेच राहतो. यकृत खाणारा माणूस त्या प्राण्याने महिनोन्महिने जमविलेली शिल्लक एका घासात घेत असतो. मेंढीच्या यकृतात कोंबडीच्या यकृताच्या पाचपट ब१२ का, याचेही उत्तर येथेच सापडते. हे जीवनसत्त्व निसर्गात केवळ सूक्ष्मजंतूच निर्माण करतात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातील जंतू चाऱ्यातून येणाऱ्या कोबाल्टचा उपयोग करून ते अखंड तयार करीत असतात, आणि त्याचा साठा यकृतात होतो. वनस्पतिजन्य अन्नात ते का नसते, हेही यावरून स्पष्ट व्हावे.

३. श्वान, रुग्ण आणि दोन भिन्न कारणे

यकृताला औषधी अन्न म्हणून आधुनिक वैद्यकात जे स्थान मिळाले त्याचा प्रारंभ अमेरिकेतील जॉर्ज व्हिपल यांच्या प्रयोगांत आहे. व्हिपल व त्यांच्या सहकारी फ्रीडा रॉबशाइट-रॉबिन्स यांनी कुत्र्यांचे रक्त वरचेवर काढून त्यांच्यात रक्तक्षय उत्पन्न केला, आणि कोणत्या अन्नाने रक्त लवकर भरून येते हे पाहिले. यकृत सर्वांत प्रभावी ठरले. हे पाहून बॉस्टन येथील जॉर्ज मायनॉट व विल्यम मर्फी यांनी मारक रक्तक्षय या तेव्हा हमखास प्राणघातक समजल्या जाणाऱ्या रोगाच्या ४५ रुग्णांना रोज मोठ्या प्रमाणात, जवळजवळ पाव किलोपर्यंत, यकृत खाऊ घातले आणि १९२६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून बसू लागले होते. १९३४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळून देण्यात आले.

या कथेतील खरा बोध मात्र पुढे आहे. रक्त काढल्यामुळे व्हिपल यांच्या कुत्र्यांना तुटवडा पडला होता तो लोहाचा, आणि यकृताने भरून काढले ते लोह. मारक रक्तक्षयाच्या रुग्णांत लोहाचा प्रश्न नव्हता. त्यांना हवे होते ते ब१२ जीवनसत्त्व. म्हणजे एका प्रयोगाने दुसऱ्या प्रयोगाला वाट दाखविली खरी, परंतु दोन्ही ठिकाणी कार्य करणारे द्रव्य निराळे होते. यकृतात दोन्ही असल्यामुळे दोघांनाही यश आले.

आणखी एक विस्मयकारक गोष्ट अशी की, मारक रक्तक्षयाचे रुग्ण ब१२ कमी खात होते म्हणून आजारी पडले नव्हते. या जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी जठरात स्रवणारे एक विशिष्ट प्रथिन लागते. अशा जठर-घटकाचे अस्तित्व विल्यम कॅसल यांनी १९२९ साली दाखवून दिले. मारक रक्तक्षयात तेच निर्माण होत नाही. मग नुसते यकृत खाऊन हे रुग्ण बरे कसे झाले? ब१२ चा सुमारे एक शतांश भाग या प्रथिनाच्या साहाय्यावाचूनही आतड्यातून झिरपतो. गाईबैलांच्या १०० ग्रॅम यकृतात ब१२ सुमारे ६० मायक्रोग्रॅम असते. २४० ग्रॅममध्ये ते १४० मायक्रोग्रॅमच्या आसपास भरते, आणि त्याचा शतांश म्हणजे १.४ मायक्रोग्रॅम. देहाला रोज प्रत्यक्ष शोषून घ्यावे लागणारे ब१२ सुमारे १ मायक्रोग्रॅम आहे. हिशेब जेमतेम जुळतो, आणि त्या जेमतेम जुळण्यावर त्या रुग्णांचे प्राण अवलंबून होते. पाव किलोऐवजी दोन घास दिले असते तर प्रयोग फसला असता. हे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९४८ साली, आणि डॉरथी हॉजकिन यांनी त्याची रचना १९५६ साली निश्चित केली.

आता निरोगी माणसाचा विचार करू. जठर-घटकाच्या साहाय्याने होणाऱ्या शोषणाला मर्यादा आहे. एका जेवणातून या मार्गाने साधारण दीड ते दोन मायक्रोग्रॅमच ब१२ घेतले जाते. मेंढीच्या ५० ग्रॅम यकृतात ते ४५ मायक्रोग्रॅम असले, तरी देहात जाते ते या दोनात झिरपलेल्या शतांशाची भर घालून जेमतेम अडीच मायक्रोग्रॅम. उरलेले वाया जाते. याउलट रोज अर्धा लिटर दूध दोन-तीन वेळा विभागून घेणाऱ्याला त्यातून सव्वादोन मायक्रोग्रॅम ब१२ मिळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी शिफारस केलेले रोजचे प्रमाणही २.२ मायक्रोग्रॅमच आहे. अल्प मात्रेचे शोषण सुमारे निम्मे होते असे धरले, तर दुधातून आठवड्याला साडेसात मायक्रोग्रॅमहून अधिक ब१२ देहात जाईल. कोष्टकात ज्याचा आकडा यकृताच्या दोनशेव्या हिश्शाइतका दिसतो ते दूध, नित्य घेतले असता, आठवड्यातून एकदा खाल्लेल्या यकृताला सुमारे तिपटीने मागे टाकते. मोठ्या आकड्याचे मोल पचनसंस्था बिघडलेल्या रुग्णाला होते. धडधाकट माणसाला ते तितके नाही.

४. परळमधील संशोधन

१९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्लिश संशोधिका मुंबईत आल्या. गर्भिणींमध्ये आढळणाऱ्या एका तीव्र रक्तक्षयाचा शोध घेण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि त्यांच्या संशोधनाचे केंद्र परळ येथील हाफकिन संस्था हे होते. गिरणगावातील कामगार स्त्रियांत हा रोग विशेष दिसे. या रक्तक्षयात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या असत. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तो मारक रक्तक्षयासारखाच दिसे. विल्स यांनी या स्त्रियांचे आहार तपासले, तशाच निकृष्ट आहारावर उंदीर व माकडे ठेवून पाहिली, आणि यीस्टचा अर्क दिल्यास हा रक्तक्षय हटतो असे त्यांना दिसून आले. ‘मार्माइट’ या नावाने विकला जाणारा हा अर्क यकृताच्या अर्काहून पुष्कळ स्वस्त होता. १९३१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हा रोग यकृताच्या अर्कानेही बरा होई. मग यीस्ट आणि यकृत यांतील गुणकारी द्रव्य एकच काय? याचे उत्तर विल्स यांनी सहकाऱ्यांसमवेत १९३७ साली दिले. यकृताचा ओबडधोबड अर्क या रक्तक्षयावर चालतो. परंतु मारक रक्तक्षयासाठी शुद्ध केलेला अर्क मात्र चालत नाही, असे त्यांना आढळले. शुद्धीकरणात जे टाकून दिले जात होते तेच या रोगाला हवे होते. यकृतात रक्तवर्धक द्रव्ये एक नसून निदान दोन आहेत, हे त्यामुळे सिद्ध झाले. यांतील दुसरे द्रव्य म्हणजेच फॉलिक अम्ल होय. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे काढण्यात आले आणि १९४५ साली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषण झाले. त्या वेळी तेथील संशोधनाची धुरा भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या संशोधनाचे महत्त्व असे की, ज्या द्रव्याअभावी गिरणी कामगार स्त्रिया दगावत होत्या त्याचा मक्ता यकृताकडे नव्हता. ते द्रव्य पालेभाज्यांत व कडधान्यांत भरपूर आहे. कोष्टकात हरभऱ्याचा आकडा मेंढीच्या यकृताच्या दुपटीहून मोठा आहे, आणि कोंबडीच्या यकृताच्या बरोबरीचा आहे. फॉलेट हे उष्णतेने नष्ट होणारे व पाण्यात उतरणारे असल्यामुळे भाजी फार शिजवून पाणी ओतून देण्याची सवय मात्र सोडावयास हवी.

५. लोहाचा हिशेब

‘कलेजीने रक्त वाढते’ या समजुतीचा मुख्य आधार लोह हा आहे. मेंढीच्या ५० ग्रॅम यकृतात ते सुमारे ३.७ मिलिग्रॅम असते. भारतीय प्रौढ स्त्रीसाठी शिफारस केलेले रोजचे प्रमाण २९ मिलिग्रॅम आहे; म्हणजे यकृताच्या एका वाढणीतून त्याचा आठवा हिस्सा मिळतो. ही तुलना यकृताला किंचित अन्याय करणारी आहे हे मान्य केले पाहिजे, कारण २९ हा आकडा धान्यप्रधान आहारातील लोहाचे शोषण अल्प होते हे धरून ठरविलेला आहे. रक्तरंजकाशी संलग्न असलेले लोह १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत शोषले जाते, तर वनस्पतींतील लोहाचे शोषण त्याहून पुष्कळ कमी असते. परंतु स्नायूंच्या मानाने यकृतात रक्तरंजक-लोहाचा वाटा कमी आणि फेरिटिनमधील लोहाचा वाटा अधिक असतो, हेही विसरता येत नाही. तेव्हा लोहाच्या दृष्टीने यकृत हे चांगले अन्न आहे. आठवड्यातून एकदा खाल्ल्याने रक्तक्षय हटविणारे औषध मात्र ते नव्हे. कडधान्याच्या जेवणाबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू घेतल्यास क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते. हा साधा उपाय रोज करता येण्याजोगा आहे, आणि रक्तक्षयात नित्यतेला फार महत्त्व आहे.

६. अ जीवनसत्त्व : गुण तोच दोष

रातांधळेपणावर यकृताचा उपयोग फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बकऱ्याच्या यकृताचा त्यासाठी निर्देश आहे. आजच्या दृष्टीने या उपचाराचे मर्म रेटिनॉलमध्ये आहे. या बाबतीत यकृताशी तुलना होईल असे नित्याच्या आहारातील दुसरे अन्न नाही.

परंतु नेमक्या याच ठिकाणी सावधगिरी हवी. जास्तीचे ब१२ देह घेतच नाही. रेटिनॉल मात्र तो मुकाट्याने घेतो आणि आपल्या यकृतात साठवीत राहतो. १५९६-९७ च्या हिवाळ्यात नोव्हाया झेम्ल्या येथे अडकलेल्या डच दर्यावर्दींनी ध्रुवीय अस्वलाचे यकृत खाल्ले आणि ते गंभीर आजारी पडले. काहींची कातडी सोलून निघाली. त्या यकृतातील अ जीवनसत्त्वाचे प्रचंड प्रमाण हेच अशा विषबाधेचे कारण होय, हे रोडाल व मूर यांनी १९४३ साली दाखवून दिले. मेंढी किंवा कोंबडी यांच्या बाबतीत असा प्रसंग येणार नाही. तथापि प्रौढासाठी तयार रेटिनॉलची दैनिक कमाल मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम मानली जाते, आणि मेंढीच्या ५० ग्रॅम यकृतातच ते ३,७०० मायक्रोग्रॅम असते. क्वचित खाणाऱ्या निरोगी प्रौढाला याची भीती नाही. आठवड्यातून एकदा ही वाढणी घेतल्यास रोजची सरासरी सुमारे ५३० मायक्रोग्रॅम पडते, आणि ती हितकरच आहे.

गर्भिणीची गोष्ट निराळी. गर्भाचे अवयव घडत असतात त्या आरंभीच्या आठवड्यांत रेटिनॉलचा अतिरेक गर्भात व्यंग उत्पन्न करू शकतो. म्हणून ब्रिटनच्या आरोग्य खात्याने १९९० साली गर्भवती स्त्रियांना यकृत व त्याचे पदार्थ टाळण्याचा सल्ला दिला, आणि तो तेथे आजही दिला जातो. पालकातील कॅरोटिनाला हा दोष नाही. आहारातील सुमारे बारा भाग कॅरोटिनापासून देह एक भाग रेटिनॉल बनवितो, आणि पुरेसा साठा असल्यास हे रूपांतर मंदावते. कोष्टकात पालकाची जी उणीव भासते ती गर्भिणीच्या दृष्टीने संरक्षक ठरते.

यकृतातील तांब्याबद्दलही असेच म्हणता येईल. मेंढीच्या १०० ग्रॅम यकृतात ते सुमारे ७ मिलिग्रॅम असते, आणि प्रौढाची रोजची गरज १ मिलिग्रॅमहूनही कमी आहे. तांब्याचे उत्सर्जन न होऊ शकणाऱ्या विल्सन रोगाच्या रुग्णांनी म्हणूनच यकृत वर्ज्य करावयाचे असते. प्युरिनांच्या विपुलतेमुळे संधिवाताच्या ज्या प्रकारात यूरिक अम्ल साठते त्या रुग्णांनाही ते मानवत नाही.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा मथितार्थ असा. यकृताचे आकडे मोठे आहेत ते त्याच्या कोठारपणामुळे. त्यांतील ब१२ चा बहुतांश निरोगी देहाला घेता येत नाही. फॉलेट हरभऱ्यात तितकेच किंवा अधिक आहे. लोह चांगले आहे, पण आठवड्यातून एकदाच्या वाढणीने भागणारे नाही. आणि अ जीवनसत्त्व इतके आहे की त्याचे माप सांभाळावे लागते. मांसाहारी प्रौढाने आठवड्यातून एकदा ५० ग्रॅमच्या आसपास, नीट शिजविलेले यकृत खाणे उत्तम. त्याहून अधिक खाण्याने लाभ त्या प्रमाणात वाढत नाही.

ज्या स्त्रीसाठी आपल्याकडे आवर्जून कलेजी आणली जाते त्या गर्भिणीला मात्र तिची शिफारस करता येत नाही. तिला हवे आहे ते लोह आणि फॉलिक अम्ल. गर्भारपणी १८० दिवस रोज दिल्या जाणाऱ्या सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल असते. मेंढीच्या यकृतातून तेवढे लोह मिळवावयाचे तर ते रोज पाऊण किलोहून अधिक खावे लागेल, आणि त्याबरोबर रेटिनॉलच्या दैनिक मर्यादेच्या वीसपट रेटिनॉल पोटात जाईल. त्या गोळीला उसळ, पालेभाजी, लिंबू आणि दूध किंवा अंडे यांची जोड द्यावी. परळमध्ये ल्यूसी विल्स यांनी शोध आरंभला तो अशाच स्त्रियांसाठी. यकृतातील जे द्रव्य त्या स्त्रियांना तारणारे होते ते यकृतावाचूनही देता येते, हे त्या संशोधनातून निष्पन्न झाले. घरोघरी सल्ला देताना आपल्या विद्यार्थ्यांनी एवढी गोष्ट अवश्य सांगावी.